बंदी घातली, मग गिऱ्हाईक गेलं कुठं?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं सिगारेट, गुटखा, पान मसाला आणि खायची तंबाखू ४० टक्क्यांच्या टप्प्यात न्यायचं ठरवलं आणि त्याच बैठकीत विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचंही ठरवलं. त्यावरचे वाद नेहमीच्याच वळणानं गेले. कर आणखी वाढवा, जमलं तर सरसकट बंदी घाला, व्यसनी माणसाचं काय ऐकायचं, असं एका बाजूचं म्हणणं. ज्याला ओढायची तो ओढणारच, उगाच सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय कशाला, असं दुसऱ्या बाजूचं. दोघांचंही बोलणं तावातावाचं, आणि दोघांनीही एक साधा प्रश्न वाऱ्यावर सोडून दिलेला. सिगारेट महागली आणि शेजारची विडी स्वस्त झाली, तर आज सिगारेट ओढणारा माणूस करणार काय? सोडेल? कमी करेल? विडीवर येईल? की खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी ठेवू लागेल?

या प्रश्नाचं उत्तर ‘मला वाटतं’नं देण्याची गरज नाही. ते काढायची एक पद्धत अर्थशास्त्रात आणि आरोग्यसंशोधनात बरीच वर्षं वापरात आहे. तिला निवड-प्रयोग म्हणू. माझं म्हणणं असं की तंबाखूवर नवा कर, नवी बंदी किंवा पाकिटाचा नवा नियम आणण्याआधी, सरकारी पैशानं आणि उघडपणे, असा प्रयोग व्हायलाच हवा. पण तो एकाच कामासाठी. एक वाट बंद केली की माणसं कुठल्या वाटेला लागतील, हे ओळखण्यासाठी. तंबाखू चांगली की वाईट हे त्यानं ठरवायचं नाही, आणि किती टक्के लोक सोडतील याचं भविष्यही त्यानं सांगायचं नाही. या पद्धतीचे विरोधक आणि तिचे भक्त, दोघंही हा फरक पुसून टाकतात, म्हणून वाद भरकटतो.

आधी प्रयोग कसा असतो ते बघू. चंद्रपूरमधल्या एका माणसापुढं कार्ड ठेवलंय असं समजा. तो खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घासून केलेलं मिश्रण, खातो. कार्डावर चार चौकटी. पहिलीत खर्रा, नेहमीच्या पानठेल्यावर, आजच्यापेक्षा दहा रुपये महाग. दुसरीत बिनसुगंधी तंबाखूची पुडी, किंमत आहे तीच, पण ठेला शाळेपासून लांब हलवल्यामुळं पंधरा मिनिटं चालत जावं लागेल. तिसरीत नुसती सुपारी, तंबाखूशिवाय, जवळच मिळणारी. चौथीत यातलं काहीच नको. यातलं तुम्ही काय घ्याल, एवढंच विचारायचं. मग दुसरं कार्ड. त्यात खर्रा स्वस्त पण लपूनछपून मिळणारा, पुडीवर मोठं चित्र, सुपारी महाग. असं आठ-दहा वेळा. किंमत, अंतर, इशारा, चव अशा चार गोष्टी आणि प्रत्येकीच्या तीन पायऱ्या धरल्या तर एका वस्तूच्याच ८१ तऱ्हा होतात. सगळ्या कुणालाच दाखवता येत नाहीत, म्हणून त्यांतल्या हिशेबानं निवडलेल्या जोड्या वेगवेगळ्या माणसांपुढं मांडतात. शेकडो जणांच्या उत्तरांतून कळतं की दहा रुपयांचा भार जास्त, की पंधरा मिनिटांच्या चालण्याचा, की पुडीवरच्या चित्राचा. आणि मुख्य म्हणजे, खर्रा सुटला तर हात कशाकडं जातो.

इथं कुणी ‘तुम्हाला बंदी हवी का’ असं विचारत नाही. ‘तुम्ही सोडाल का’ असंही नाही. त्या प्रश्नाला माणूस जे ऐकायला बरं वाटेल ते सांगतो. घरी, दवाखान्यात, सर्वेक्षणात, सगळीकडं. कार्डावर मात्र एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं, आणि बाजारातही हेच असतं.

कल्पना नवी नाही. लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये टोप्या, बूट आणि ओव्हरकोट यांच्या निरनिराळ्या जोड्या पुढं ठेवून पसंतीचा आलेख काढून पाहिला होता. १९८३ मध्ये लूव्हिएर आणि वुडवर्थ या संशोधकांनी आजच्या प्रयोगांची घडण पक्की केली. तिच्यामागचं गणित डॅनियल मॅकफॅडनचं. माणसं पर्यायांतून निवड कशी करतात याच्या सिद्धांतासाठी त्याला २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आक्षेप. पहिला सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात नैतिक वजन आहे. व्यसनी माणसाची पसंती ही पसंतीच नव्हे, तिला विचारून धोरण आखणं म्हणजे रोगाला विचारून औषध ठरवणं. यातला निम्मा भाग मला पूर्ण मान्य आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आणि ४९.६ टक्के तंबाखू खाणाऱ्यांनी सोडण्याचा विचार किंवा बेत असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे ज्या हातानं पुडी फोडली जाते, त्याच माणसाला ती नकोही असते. अशा माणसानं कार्डावर खर्रा निवडला म्हणून ‘खर्रा हे त्याचं सुख, ते हिरावू नका’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेच्या हातून असंच काहीसं घडलं. २०१४ मध्ये ई-सिगारेट, सिगार वगैरे नियमांखाली आणण्याचा प्रस्ताव मांडताना तिनं जो नफ्यातोट्याचा हिशेब केला, त्यात आरोग्याच्या लाभातून तब्बल ७० टक्के रक्कम लोकांचा ‘गमावलेला आनंद’ म्हणून वजा केली. ज्यांतले बहुतेक लोक अठरा-वीस वर्षांचे व्हायच्या आत अडकले, त्यांच्या तलफेला आनंद म्हणायचं आणि तो कॅन्सर टळण्याच्या समोर तराजूत घालायचा? अनेक मोठ्या अर्थतज्ज्ञांनी या विचारसरणीवर कोरडे ओढले आणि ते योग्यच होतं.

पण आक्षेपाचा दुसरा निम्मा भाग, म्हणून विचारूच नका, हा मात्र टिकत नाही. माणसाची पसंती समजून घेणं आणि ती पुरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१२ पासून तिथं सर्व सिगारेटींची पाकिटं एकाच मळकट, शेवाळी-तपकिरी रंगात विकणं सक्तीचं झालं. हा रंग मंत्र्यांच्या डोक्यातून आलेला नव्हता. सरकारनं संशोधन करवून घेतलं, हजाराहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांना निरनिराळे रंग, इशाऱ्यांचे आकार आणि मांडण्या दाखवल्या आणि सर्वांत नकोसा वाटेल तो रंग निवडला. व्यसनी माणसांना विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि त्यांच्या उत्तराच्या बरोबर उलट दिशेनं धोरण आखलं. यात व्यसनापुढं शरणागती कुठं दिसते? उलट न विचारता एखादा गडद, ‘गंभीर’ रंग ठरवला असता, तर तो कदाचित उंची वाटला असता आणि कंपन्यांच्या पथ्यावर पडला असता.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कार्डावरची निवड खोट्या पैशांची असते. तिथं दहा रुपये खिशातून जात नाहीत, तलफ लागलेली नसते, ठेल्यावर चार मित्र उभे नसतात. थर्स्टनच्या टोप्या-बुटांवरही हाच आक्षेप घेतला गेला होता. १९४२ मध्ये वॉलिस आणि मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी म्हटलं की कल्पनेतल्या निवडीवर विसंबता येत नाही. बोलणं आणि करणं यांतली दरी किती मोठी असू शकते, हे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात दिसलं. १ जानेवारी २०१७ पासून तिथं मेंथॉल, म्हणजे पुदिन्यासारख्या गार चवीच्या, सिगारेटींवर बंदी आली. त्याआधी मेंथॉल ओढणाऱ्यांना विचारलं होतं, बंदीनंतर काय कराल? ५९.७ टक्के म्हणाले, साधी सिगारेट ओढू. १४.५ टक्के म्हणाले, सोडून देऊ. बंदीनंतर महिन्याभरानं त्याच लोकांना पुन्हा गाठलं, तर साध्या सिगारेटीवर गेलेले निघाले २८.२ टक्के आणि सोडण्याचा प्रयत्न केलेले २९.१ टक्के. इतर चवींची तंबाखू उत्पादनं किंवा ई-सिगारेट घेऊ असं आधी फक्त ५.८ टक्के म्हणाले होते, प्रत्यक्षात २९.१ टक्क्यांनी घेतली. तिन्ही अंदाज साफ चुकले.

मग या आकड्यांनी निवड-प्रयोगाचा निकाल लावला का? मला तसं वाटत नाही. लोकांना एका ओळीत त्यांचं भविष्य विचारलं की उत्तर किती चुकतं, हे ओंटारिओनं दाखवलं. तिथं पर्याय शेजारी शेजारी मांडून, किमती बदलून, वारंवार निवड करायला लावलेली नव्हती. विशेषतः तिसरा आकडा बघा. इतर चवींच्या वस्तूंचा विचारच लोकांनी आधी केलेला नव्हता, कारण त्या डोळ्यांपुढं नव्हत्या. कार्डाचं बळ नेमकं इथं आहे. ते प्रत्येक पर्याय माणसापुढं आणून ठेवतं. तरी मी हे मान्य करतो की कार्डावरचे टक्केही बाजारातल्या टक्क्यांशी जुळतीलच असं नाही. म्हणून त्यांच्याकडून टक्के मागू नयेत, क्रम मागावा. खर्रा सुटला तर आधी सुपारी की आधी पुडी? विडीवाल्याला किंमत जास्त लागते की सुटी न मिळणं? हे क्रम बऱ्याच अंशी टिकतात, आणि पूर्वीच्या करवाढीनंतर विक्री प्रत्यक्षात किती बदलली याच्या नोंदींशी ते ताडूनही पाहता येतात. प्रयोगात सांगितलेलं आणि बाजारात केलेलं एकत्र बसवून चूक मोजण्याची पद्धत तर या शास्त्रात केव्हाची रूढ आहे.

आणि पर्याय काय आहे? प्रयोग अचूक नाही म्हणून तो करायचा नाही, तर मग निर्णय कशावर घ्यायचा? आज तो सचिवालयातल्या फायलीवर, एखाद्या वकिलाच्या सल्ल्यावर आणि वृत्तवाहिनीवरच्या आवाजावर घेतला जातो. हे सगळे अंदाजच आहेत, फक्त त्यांची चूक कुणी मोजत नाही.

महाराष्ट्राचा गुटख्याचा इतिहास वाचला की हे विशेष टोचतं. २००२ मध्ये राज्यानं गुटख्यावर बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. अन्नसुरक्षा कायद्याचा नवा आधार मिळाल्यावर जुलै २०१२ मध्ये ती पुन्हा आली, आणि ते पाऊल धाडसाचं होतं यात शंका नाही. पण गुटखा हा पदार्थ मुळात दोन पुड्यांत वाटून विकता येतो, एकीत मसाला, दुसरीत तंबाखू, आणि गिऱ्हाईक तळहातावर त्या मिसळतो. देशभर हेच झालं. मग पुढच्या वर्षांतल्या आदेशांत सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा अशी नावं घालावी लागली. गिऱ्हाईक पुढं आणि आदेश त्याच्या मागं. विदर्भातल्या कुठल्याही ठेल्यावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घासून खर्रा बनताना ज्यानं पाहिलाय, त्याला हे आधीच सांगता आलं असतं. कारखान्यात बनणारी पुडी बंद केली तर हातानं घासलेला माल तिची जागा घेईल, हे ओळखायला फार मोठी विद्वत्ता लागत नव्हती. विचारणारा कुणीतरी हवा होता.

बंदीनं काहीच झालं नाही, असं मी म्हणत नाही. २००९-१० ते २०१६-१७ या काळात महाराष्ट्रातलं तंबाखूचं प्रमाण ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आलं, ही लाखो माणसांची गोष्ट आहे. पण आतला तपशील बघा. धूम्रपान ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर आलं, म्हणजे निम्म्याच्या आसपास घटलं. तोंडातली तंबाखू मात्र २७.६ वरून २४.४ टक्क्यांपर्यंतच उतरली. ज्या वस्तूवर बंदीचा सगळा भर होता, त्याच वर्गात घट कमी. या एका तुलनेवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण महाराष्ट्राचा प्रश्न तोंडातल्या तंबाखूचा आहे आणि तिथं पर्यायांची रांग मोठी आहे, एवढं त्यातून उघड दिसतं. खर्रा, मावा, तंबाखू-चुना, मिश्री, जर्दा, पान. त्यांतली मिश्री तर घरातच भाजली जाते, तिला ना पाकीट, ना इशारा, ना ठेला. आणि तंबाखू सुटून माणूस नुसत्या सुपारीवर आला तर आपण ते यश मानायचं का? सुपारीलाच जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, आणि तोंड उघडेनासं होण्याचा आजार सुपारीनंच होतो. म्हणून कार्डावर सुपारीची चौकट असलीच पाहिजे.

चंद्रपूरची दारूबंदीही इथं आठवते. २०१५ मध्ये ती लागू झाली ती गावोगावच्या बायकांच्या दीर्घ लढ्यातून, आणि मे २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली ती अवैध दारू बोकाळली असं कारण देऊन. त्या निर्णयाच्या बाजूनं आणि विरोधात आजही तितक्याच पोटतिडकीनं बोललं जातं. पण बंदी घालताना, कोण हातभट्टीकडं वळेल, कोण शेजारच्या जिल्ह्यात जाईल, कोण खरंच सोडेल, याचा अंदाज सरकारनं आधी छापून ठेवला असता, तर सहा वर्षांनी निदान कशाशी तुलना करायची हे तरी ठरलं असतं. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेचं काम चालू आहे. तिथल्या कार्यकर्त्यांना गावनिहाय ठाऊक असतं की कुठला माल कुठून येतो. असं ज्ञान आकड्यांत उतरवण्याचं साधन म्हणजेच हा प्रयोग.

तिसरा आक्षेप तंबाखू कंपन्यांविषयीचा. असे प्रयोग त्यांच्या हातात कोलीत देतील, ‘बंदीनं लोक आणखी वाईट वस्तूकडं जातील’ असा निष्कर्ष काढून प्रत्येक नियम अडवला जाईल. ही भीती खरी आहे. पण कंपन्या असले अभ्यास आपल्या परवानगीची वाट पाहत करत नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी खटल्यांत झालेल्या तडजोडीनंतर त्यांची अंतर्गत कागदपत्रं लोकांपुढं आली. पाकिटाच्या रंगावरून सिगारेट ‘हलकी’ वाटते की ‘कडक’, याचा त्यांनी किती बारकाईनं अभ्यास केला होता हे त्यांत वाचायला मिळतं. गिऱ्हाईक कशाला भुलतं हे त्यांना ठाऊक, आणि आरोग्य खात्याला मात्र ते ठाऊक नसावं, यात कुणाचं भलं आहे?

अलास्कातल्या तेलगळतीचा दाखला इथं उपयोगी पडतो. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाज फुटलं. किनाऱ्याची, पक्ष्यांची, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या निसर्गाची हानी किती, हे ठरवायला अलास्का राज्यानं लोकांना सर्वेक्षणात विचारून २.८ अब्ज डॉलरचा अंदाज काढला. कंपनीनं नामांकित अर्थतज्ज्ञांना पैसे देऊन ही पद्धतच कशी निरर्थक आहे यावर अभ्यास करवून घेतले. तेव्हा अमेरिकी सरकारनं केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९३ मध्ये समितीनं सांगितलं की पद्धत वापरता येईल, पण कडक अटींवर. प्रश्न कसा विचारायचा, कुणाला विचारायचा, पर्यायांची आठवण कशी करून द्यायची, हे सगळं तिनं नेमून दिलं. पद्धतीवर वाद आहे म्हणून ती टाकून दिली नाही, तिला शिस्त लावली. तंबाखूच्या बाबतीत आपल्याकडंही हेच व्हायला हवं. कंपनीच्या किंवा तिच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेच्या प्रयोगाला धोरणात जागा नाही, हा त्यातला पहिला नियम.

परदेशी निष्कर्ष उचलून आणण्याचा मोहही टाळायला हवा. अमेरिकेत प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगातून असं दिसलं की सिगारेटीतल्या मेंथॉलवर बंदी घातली तर सिगारेटीची निवड घटेल, पण फक्त ई-सिगारेटीच्या चवींवर बंदी घातली तर लोक पुन्हा सिगारेटीकडं वळू शकतील. तिथं तो निष्कर्ष मोलाचा आहे. आपल्याकडं ई-सिगारेटीवर २०१९ पासूनच कायद्यानं बंदी आहे आणि मेंथॉलची सिगारेट हा आपला मुख्य प्रश्न नाही. अमेरिकन कार्डावर मिश्री नसते, विडी नसते, चुना नसतो.

एका गटाला मात्र हा प्रयोग विचारू शकत नाही, आणि तिथं मी त्याच्या विरोधकांच्या बाजूला आहे. तेरा-चौदा वर्षांचं पोर, ज्यानं अजून पुडी फोडलेली नाही. त्याच्यापुढं खर्रा आणि सिगारेटीची कार्डं ठेवून ‘निवड’ म्हणणं मला अमान्य आहे. मुलांसाठीचे नियम, शाळेजवळची विक्री, सुटी सिगारेट, चवी, हे कुणाच्याही पसंतीची वाट न पाहता कडकच असले पाहिजेत. सुट्या विडी-सिगारेटीच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं घातलेली बंदी म्हणूनच योग्य होती. ती ठेल्यावर पाळली जाते का, हा वेगळा आणि संतापजनक विषय आहे.

आता विडीचा करबदल ही पहिली संधी माना. सोलापूर, नाशिक, मुंबईतल्या वस्त्या आणि विदर्भातले दोन-तीन जिल्हे इथं प्रौढ वापरकर्त्यांवर प्रयोग करा. कार्डं चित्रांची असू द्या, कारण सर्वांना वाचता येतं असं नाही, आणि किमती पाकिटाच्या नव्हे तर एका वेळच्या खरेदीच्या, कारण ठेल्यावर माणूस सुट्टे पैसे मोजून घेतो. ‘यातलं काहीच नको’ ही चौकट प्रत्येक कार्डावर ठेवा, नाहीतर प्रयोगच माणसाच्या हातात तंबाखू देतो. काम टाटा मेमोरियल, गोखले संस्था किंवा एखाद्या विद्यापीठाकडं द्या, निधी आरोग्य खात्याचा, आणि कार्डांसकट सगळी माहिती खुली. आणि कुठलाही पुढचा नियम लागू होण्याआधी प्रयोगाचा अंदाज, म्हणजे कोण कुठं वळेल याचा क्रम, राजपत्रात त्या नियमाच्या शेजारी छापा. वर्षभरानं पुन्हा त्याच जिल्ह्यांत जाऊन पाहा. अंदाज चुकला तर पुढची कार्डं दुरुस्त होतील आणि खर्रा की विडी, सुपारी की मिश्री, यांतला जो पर्याय नजरेतून सुटला असेल, त्याच्यावरचा नियम निदान त्या वर्षी तरी करता येईल.